बेगमीचे शब्द

पुण्यात रोज हजारो लोक ‘फरासखाना’ हा शब्द तोंडातून काढतात. रिक्षावाल्याला सांगतात, फोनवर पत्ता देताना म्हणतात, “फरासखान्यापाशी ये, तिथून आत वळ.” बहुतेकांच्या लेखी ते पोलिस ठाण्याचं नाव आहे, आणि ठाणं म्हटल्यावर शब्दालाही आपोआप थोडा दरारा चिकटतो. प्रत्यक्षात फर्राश म्हणजे बिछायती, गालिचे अंथरणारा माणूस. त्यांचा खाना, म्हणजे खातं, तो फरासखाना. तंबू, राहुट्या, कनाती, सतरंज्या, गालिचे हे सगळं सांभाळणारं पेशव्यांच्या सरकारातलं खातं. आजच्या भाषेत मंडप-डेकोरेटर्स.

तिथून थोडं पुढे लक्ष्मी रस्त्यावर हुजूरपागा. मुलींची ही शाळा १८८४ मध्ये सुरू झाली आणि ती जिथे उभी आहे तिथे पेशव्यांची खास पागा होती. हुजुरांची पागा, म्हणजे खुद्द मालकांच्या घोड्यांचा तबेला. शतकाहून जास्त काळ पुण्यातल्या मुली पाठीला दप्तर लावून तबेल्याच्या नावाच्या शाळेत जाताहेत. आणि ‘दप्तर’ तरी काय? मूळ ग्रीक शब्द ‘डिफ्थेरा’, म्हणजे कमावलेलं कातडं, ज्यावर लिहायचं ते. तो पर्शियात गेला आणि तिथे लेखी नोंदींना ‘दफ्तर’ म्हणू लागले. आपल्याकडे सरकारी कागदांचा गठ्ठा म्हणून तो आला, आणि मग कधीतरी पोरांच्या पाठीवर बसला. पेशवे दप्तरातले ‘दप्तर’ आणि दुसरीतल्या मुलाचे दप्तर एकच आहे, फक्त एकात डबा असतो.

मी इतिहासाची पदवी घेतली आणि इतिहासाशी काहीच संबंध नसलेली नोकरी धरली. तरी जुनी पत्रं वाचायची सवय सुटली नाही. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत संपादित करून छापले. त्यांचे स्कॅन आता फोनवर उतरवून घेता येतात. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी ते वाचते. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला त्यातल्या स्वाऱ्या आणि तह यांत फारसा रस नाही. मी त्यात शब्दांसाठी जाते.

त्या कागदांचे जे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले असतात, त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. म्हणजे अमुक रुमालातले अमुक पत्र. ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारे. चेहरा पुसायच्या फडक्याचं नाव राज्यकारभाराच्या गठ्ठ्याला. पत्रांमध्ये पानोपानी ‘मजकूर’ येतो आणि पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं, कारण ‘मौजे मजकूर’, ‘इसम मजकूर’ असं काहीतरी असतं. आपल्याला मजकूर म्हणजे लिहिलेलं काहीही. तिथे त्याचा अर्थ ‘वर ज्याचा जिक्र झाला तो’. जिक्र आणि मजकूर एकाच धातूतून निघालेले आहेत. सदर, उपरोक्त वगैरे शब्द जे काम करतात ते तेव्हा मजकूर करत होता. मग हळूहळू ज्याचा उल्लेख झाला ते, आणि ज्यात उल्लेख झाला ते, यांतला फरक पुसला गेला असावा.

किंवा ‘जासूद’. पत्र घेऊन धावणारा माणूस. मूळ अरबी ‘जासूस’, म्हणजे हेर. मराठीत आल्यावर तो हेर टपाल वाहू लागला. पण अठराव्या शतकातल्या टपालवाल्याला वाटेत काय काय दिसत असेल आणि पोचल्यावर त्याला काय काय विचारत असतील, याचा विचार केला की अर्थ बदलला असं म्हणवत नाही.

सगळ्यात मजा आणते ती तारीख. पत्राच्या शेवटी ‘छ’ असं अक्षर आणि मग हिजरी महिन्याचा चंद्र, आणि वर्ष असं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हे वाचून पहिल्यांदा मला कुणीतरी मंत्र लिहिलाय असं वाटलं. हे अरबी आकडे आहेत. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११६१. या गणनेला शुहूर सन म्हणतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, आणि कुठला आकडा मिळवायचा हे पत्र जानेवारीच्या आधीचं की नंतरचं यावर ठरतं. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. जानेवारी १७६१. पानिपत.

एकदा हे कळलं की तुम्ही स्वतःच सोडवू लागता. इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. ‘समान सितैन’ दिसलं की ११६८, म्हणजे १७६७-६८, म्हणजे थोरले माधवराव. या सनाला ‘मृगसाल’ असंही नाव आहे, कारण सूर्य मृगात शिरला की तो बदलतो. अरबीत मोजलेलं वर्ष, आणि ते सुरू कधी होणार? तर शेतकरी पेरणीसाठी आभाळाकडे बघू लागला की. हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं. एका न कळलेल्या शब्दाने सांगितलं.

न कळलेला शब्द आला की वाचण्याचा वेग मोडतो, आणि स्क्रीनवर वाचणाऱ्याला वेग मोडणं आवडत नाही. मलाही सुरुवातीला चीड यायची. पण हळूहळू असं झालं की ज्या पानावर एकही शब्द अडत नाही ते पान मला जरा पातळ वाटू लागलं. अडलेल्या शब्दाचेही दोन प्रकार असतात. एक संपूर्ण परका, ‘सितैन’सारखा. त्याचं काम सोपं असतं, कोश काढायचा, अर्थ बघायचा. दुसरा जास्त लबाड. तो ओळखीचा चेहरा घेऊन येतो, मजकुरासारखा, आणि आपल्याला वाटतं की आपण वाक्य समजलो. मला हा दुसरा जास्त आवडतो.

आता जरा आपल्या सोसायटीच्या नावांच्या पाट्या बघा. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस. हा ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. फर्द म्हणजे यादी किंवा ताव, ती लिहिणारा फर्दनवीस, त्याचा फडणवीस आणि फडणीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. पुण्यातल्या सोवळ्यातल्या सोवळ्या घराच्या दारावर फारसी पाटी लागलेली असू शकते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण तो शब्द आता परका राहिलेलाच नाही.

पण तो काढून टाकायचे प्रयत्न झाले, आणि ते फार आधीपासून झाले. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करून घेतला तेव्हा अष्टप्रधानांची फारसी नावं बदलून संस्कृत दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पुढे रघुनाथ पंडितांनी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचला. कारभारातल्या चौदाशेच्या आसपास शब्दांना, ज्यात फारसी-अरबी शब्दांचा भरणा होता, संस्कृत पर्याय देणारा. त्यात दहा वर्ग आहेत. राजाच्या दरबारापासून ते बाजारापर्यंत.

त्या कोशाचा हेतू उघड होता: हे शब्द वापरू नका, ते वापरा. आज साडेतीनशे वर्षांनी तो उघडला की उलटंच हाती लागतं. सतराव्या शतकात मराठी कारभारात कुठकुठले फारसी शब्द बोलले जात होते त्याची इतकी नेटकी यादी दुसरीकडे सहज मिळायची नाही. हद्दपार करण्यासाठी ज्यांची नावं लिहिली, ती त्या लिहिण्यामुळेच टिकली. आणि आणखी एक गंमत. ‘पेशवा’ या शब्दाला राज्याभिषेकाच्या वेळी ‘मुख्य प्रधान’ असा प्रतिशब्द दिला होता. पुढच्या शतकात पुण्यातून अर्ध्या हिंदुस्थानावर वचक कुणी ठेवला, मुख्य प्रधानांनी का? शिक्क्यात मुख्य प्रधान राहिले, पण लोकांच्या तोंडी पेशवेच.

हाच पेच विसाव्या शतकात पुण्याच्या एका माणसाच्या आयुष्यात दिसतो, आणि मला तो राज्यव्यवहारकोशापेक्षा जास्त विचार करायला लावतो. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन. ते फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवत. मराठीत गझल आणि रुबाई रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला. ज्याला जुनी कागदपत्रं वाचायची आहेत त्याला हा कोश जवळ ठेवावाच लागतो. आणि हेच माधवराव पुढे भाषाशुद्धीच्या चळवळीत गेले. सावरकरांनी परके शब्द काढून मराठीला स्वतःचे शब्द देण्याची जी मोहीम चालवली, तिचे ते कट्टर समर्थक झाले आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक लिहिलं.

याला कुणी विसंगती म्हणेल. मला ती इतकी सरळ वाटत नाही. ज्याने हजारो फारसी शब्द एकेक करून हाताळले त्यालाच मराठीत किती फारसी मुरलेली आहे याचा अंदाज असणार. साध्या माणसाला ‘हजर’, ‘जागा’, ‘जमीन’, ‘हवा’ यांत फारसी-अरबी काही दिसत नाही. कोशकाराला प्रत्येक वाक्यात ती दिसत राहते. कदाचित इतकं दिसणं सोसवत नसेल. मी स्वतः मात्र कोश करणाऱ्या माधवरावांच्या बाजूची आहे, शुद्धी करणाऱ्या नव्हे. शुद्धिवाल्यांचंही ऋण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द सावरकरांचे, आणि त्यांच्यावाचून आज वर्तमानपत्र निघणार नाही. पण बघा, दिनांक आला म्हणून तारीख गेली का? फॉर्मवर दिनांक लिहितो आणि लग्नाची तारीख काढतो. कोर्टात तर नुसती तारीख पडते, दिनांक कधी पडलेला ऐकला नाही.

शब्द जमवणाऱ्यांच्या बाजूचं नाव घ्यायचं तर आधी मोल्सवर्थ. जेम्स टी. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला तरुण अधिकारी १८१८ च्या सुमारास सोलापूरला होता. पेशवाई नुकतीच बुडाली होती आणि नव्या मालकांना लोक काय बोलतात ते कळत नव्हतं. तो आपल्यापुरते शब्द टिपू लागला, आणि पुढे थॉमस कँडी त्याचा सहकारी झाला. पुढे सरकारने ते काम अंगावर घेतलं, शास्त्री-पंडित मदतीला दिले, आणि १८३१ मध्ये मुंबईत मराठी-इंग्रजी कोश छापून झाला. शब्द सुमारे चाळीस हजार. त्याआधी १८२९ मध्ये शास्त्रीमंडळाचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ निघू लागला होता, मराठीतून मराठीत. मोल्सवर्थने १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती काढली, ती साठ हजार शब्दांची. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणत. मोल्सवर्थ या नावाचंच मराठीकरण करून टाकलं, आणि वर शास्त्रीपणा बहाल केला.

कँडीची गोष्टही पुण्याचीच. विश्रामबागवाड्यात १८२१ पासून जी संस्कृत पाठशाळा चालू होती, ज्यातून पुढे डेक्कन कॉलेज झालं, तिच्यावर तो देखरेखीला होता. आज आपण मराठीत स्वल्पविराम देतो, प्रश्नचिन्ह देतो, त्याची घडी बसवून देणारा कँडीच. पेशवे दप्तरातली पत्रं मोडीत एका दमात लिहिलेली असतात, कुठे थांबायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

पुण्यातच १९३२ पासून यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढायला घेतला. १९३८ पर्यंत सात भाग, आणि १९५० मध्ये पुरवणी. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामातून तयार झालेली ही माणसं. दाते-कर्वे कोश उघडला की अर्थाच्या आधी कंसात एखादं अक्षर दिसतं. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) गोमंतकी, (कु.) कुडाळी, (ना.) नागपुरी, (बे.) बेळगावी. पुण्याच्या मंडळींनी पुण्याचीच भाषा म्हणजे मराठी असं धरलं नाही, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. पुण्यात बसून तसं न धरणं किती कठीण आहे ते पुण्यात राहिलेल्यांना माहीत आहे.

हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मोल्सवर्थमध्ये तर उलटंही शोधता येतं. इंग्रजीतून पावसाळ्याला जो शब्द आहे तो टाकायचा, आणि ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात पावसाळा आला आहे ते सगळे रांगेने उभे राहतात. मला असाच एकदा ‘आगोट’ भेटला. पावसाळा तोंडावर आला आहे तो काळ, कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, घरं शाकारतात, लाकूडफाटा आत घेतात तो. आपल्याकडे त्या दिवसांना आता ‘प्री-मान्सून’ म्हणतात. त्यात ढग आहेत, पण शाकारणी नाही.

आणि आगोटीच्या दिवसांत काय करायचं? तर बेगमी. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी. धान्य, मिरच्या, पापड, सांडगे भरून ठेवायचे. हा शब्द मी घरात ऐकलेला होता आणि त्याचा कुठल्या तरी बेगमेशी संबंध असेल असं आमच्या घरी सगळ्यांनाच वाटे. कोशात बघितलं तर फारसी निघाला. बे म्हणजे विना, आणि गम म्हणजे दुःख, काळजी. बे-गम. काळजी नसणं. काळजी नसण्याचं नाव थेट साठ्याला दिलेलं आहे. चार महिने बाहेर पडता येणार नाही अशा गावात कोठारात ज्वारी असणं म्हणजेच निश्चिंती, त्यासाठी वेगळा शब्द कशाला? शुद्धिवाद्यांच्या हिशेबात हा शब्द काढून त्या जागी ‘संचय’ घालता आला असता. संचयाने पोट भरतं, पण तो बे-गम करत नाही.

कोशांना एक मर्यादा मात्र होती. मोल्सवर्थला शब्द देणारे पंडित होते, आणि पंडित पुरुष होते. माझ्या आजीच्या तोंडी एक क्रियापद असे, ‘वैरणे’. आधण आलं की तांदूळ वैरायचे. जात्यात दाणे घालायचे तेही वैरायचे. गुरांना घालतात ती वैरण याच घरातली. जातं, भांडं आणि गाय, तिघांनाही एकाच शब्दाने भरवायचं. हा शब्द कोशात आहे, पंडितांनी तो टिपलेला आहे. पण तो जिथे जिवंत असतो, म्हणजे पहाटे जात्यापाशी, तिथे वही घेऊन बसलेलं कुणी नव्हतं.

ते काम पुण्यातूनच, पण फार उशिरा झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगराळ गावांत काम करता करता बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. सहकारी वाढत गेले, गावं वाढत गेली, आणि लाखाहून जास्त ओव्या जमल्या. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, सगळं नोंदवून. २०१७ पासून ‘परी’ हे संकेतस्थळ, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’, त्या क्रमाने प्रसिद्ध करत गेलं, कित्येकींच्या आवाजासकट. तेही फोनवर ऐकता येतं. तिथे शब्द वाचताना अडत नाही, ऐकताना अडतो, आणि मग दोनदा, तीनदा मागे जावं लागतं. जात्याची घरघर मध्ये असते.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यातल्या काही ओव्या आजीला ऐकवल्या. ती नव्वदीला टेकली आहे आणि तिच्या माहेरचं जातं कधीच विकून झालंय. ऐकता ऐकता तिने माझ्या हातातला फोन स्वतःकडे ओढला आणि कानाशी धरला. मग म्हणाली, “हिनं दाणे फार वैरलेत. आवाज बघ कसा जड येतोय.” मी पुन्हा ऐकलं. मला फक्त गाणं ऐकू येत होतं.

हे वाक्य मी तिथल्या तिथे फोनवर लिहून घेतलं. ‘वैरलेत’खाली कीबोर्डाने लाल रेघ ओढली. तो शब्द मी कीबोर्डाच्या यादीत घातला. ‘आगोट’ आणि ‘बेगमी’ तिथे आधीच होते.